लाँग बीचला पहिल्यांदा रेस शूट करताय? आधी जाळीचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की हौशी फोटोग्राफर आहे, जुनी क्रॉप सेन्सर (छोट्या सेन्सरची) बॉडी, १८-५५ आणि ७०-३०० मिलिमीटर अशा दोनच लेन्स, लाँग बीच ग्रां प्रीचं (एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराच्या रस्त्यांवर होणारी इंडीकार गाड्यांची रेस) शनिवार-रविवारचं जनरल ॲडमिशन, म्हणजे ठरलेली सीट नसलेलं, तिकीट काढलंय, कुठं उभं राहू, सेटिंग काय ठेवू, आणि मोठी लेन्स भाड्याने घेऊ का.

शेवटच्याचं आधी सांगतो, लेन्स भाड्याने घेऊ नका. मी बारा वर्षं या रेसला जातोय, एकदाही प्रेसचा पास नव्हता, आणि दोनदा पैसे घालून मोठी ४०० ची लेन्स नेली तेव्हा संध्याकाळी खांदा दुखला आणि फोटो ७०-३०० वालेच बरे आले. तुमची अडचण लेन्स नाहीच आहे. तुमची अडचण आहे जाळी. शहराच्या रस्त्यावरची रेस म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत आणि तिच्यावर उंच तारेची जाळी, सगळीकडे, पूर्ण ट्रॅकभर. पास असलेल्या लोकांसाठी त्या जाळीला जागोजागी भोकं ठेवलेली असतात, त्यातून ते लेन्स घालून बसतात. आपल्याला ती नाहीत. म्हणून दिवसभरातला प्रत्येक निर्णय, म्हणजे कुठं उभं राहायचं, किती वाजता, कुठलं ॲपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक, एफचा आकडा जितका मोठा तितकं ते छोटं), हा जाळीला विचारून घ्यायचा असतो. हे मला कळायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी मी हजारेक फोटो काढले एफ ११ वर, कोणीतरी सांगितलं होतं की ॲपर्चर छोटं ठेवलं की सगळं शार्प येतं. आलं की. तार इतकी शार्प आली की तिच्यावरचा गंजसुद्धा मोजता येत होता, आणि मागे कुठंतरी एक लाल धब्बा, तो म्हणजे गाडी.

आता जाळी गायब कशी होते ते नीट समजून घ्या. लेन्स जाळीच्या जितकी जवळ, गाडी जाळीपासून जितकी लांब, फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) जितकी जास्त आणि ॲपर्चर जितकं उघडं, तितकी तार पसरून पसरून धुरासारखी होते आणि मग दिसतच नाही, फक्त फोटोचा काँट्रास्ट थोडा मरतो जो नंतर एडिटिंगमध्ये परत आणता येतो. तुमची ७०-३०० लांबच्या टोकाला एफ ५.६ च्या पुढे उघडणार नाही, पण क्रॉप बॉडीवर ती ४५० सारखी वागते आणि तेवढं पुरतं, अट एवढीच की जाळीपासून वीत-दोन वीत अंतरावर जाता आलं पाहिजे. हूड (लेन्सच्या तोंडावरची सावलीची नळी) काढून टाका, हूडमुळेच चार बोटं लांब राहता आपण, ऊन काचेवर पडत असेल तर डाव्या हाताने सावली धरा. जाळीला हात लावू नका, टेकू नका, मार्शल (ट्रॅकवरचे सुरक्षारक्षक) ओरडतात आणि बरोबर ओरडतात. काही ठिकाणी मात्र ट्रॅकच्या जाळीच्या अलीकडे प्रेक्षकांसाठी दुसरं कुंपण असतं, म्हणजे तुम्ही तारेपासून दोन-तीन मीटर लांब, तिथं कितीही हुशारी करा तार दिसणारच, तिथं वेळ घालवू नका, पुढे चला.

दुसरी गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही, जाळीतून तिरकं बघायचं नाही. समोर सरळ बघितलं तर दोन तारांमध्ये मोकळी जागा असते, पण येणाऱ्या गाडीकडे लांबवर तिरकं बघायला लागलात की तारा एकमेकींच्या मागे येत जातात आणि जाळीचा पडदा होतो. नवीन माणसाचा पहिला मोह तोच असतो, सरळ रस्त्याच्या कडेला उभं राहून लांबून येणारी गाडी समोरून टिपायची. नाही जमणार. समोरून येणारी गाडी हवी असेल तर अशी जागा शोधा जिथं ट्रॅक स्वतःच तुमच्याकडे वळतो, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला, तिथं जाळीला काटकोनात बघूनही गाडीचं तोंड मिळतं. नाहीतर उंचीवर जा. ग्रँडस्टँडच्या वरच्या रांगांतून जाळीच्या वरून नजर जाते, आणि तिथून काढलेल्या फोटोत तार नावालाही नसते. तुमच्या तिकिटावर शनिवार-रविवारी स्टँडची सीट मिळत नसावी, पण अजून बदल करता येत असेल तर शुक्रवारचा एक दिवस जोडा. शुक्रवारी प्रॅक्टिस असते, गर्दी कमी, स्टँडमध्ये बऱ्यापैकी मोकळीक असते (तिकिटावरचे नियम वाचून घ्या, दरवर्षी थोडे बदलतात). गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच, रंग तेच, फोटोत कुठं लिहिलेलं असतं की ही प्रॅक्टिस होती म्हणून!

तिसरी गोष्ट ऊन. लाँग बीचचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणजे दिवसाचा बराच वेळ सूर्य पाण्याच्या बाजूला. आता पाण्याकडे पाठ करून उभे राहिलात तर गाडीवर मस्त ऊन, सगळे स्टिकर चमकतात, पण तेच ऊन जाळीच्या तुमच्याकडच्या बाजूवरही पडतं आणि चमकणारी तार कितीही आउट ऑफ फोकस असली तरी पांढुरक्या रेघा सोडते. उलट शहराच्या बाजूने पाण्याकडे बघत उभं राहिलं तर तारेची आपल्याकडची बाजू सावलीत, काळी, ती सहज विरघळते, पण गाडीसुद्धा अर्धी सावलीत. फुकट काहीच नाही. मी शहराच्या बाजूची निवड करतो आणि एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वाढवतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), आकाश जळालं तर जळू दे. आणि जिथं एखाद्या स्टँडची, झाडाची, पुलाची सावली जाळीच्या एका तुकड्यावर पडलीय आणि पलीकडे ट्रॅक उन्हात आहे, ती जागा म्हणजे लॉटरी, ती सोडू नका. पण सावली सरकते हे लक्षात ठेवा, अकराला असलेली जागा दोनला नसते.

यावर देवाने दिलेला उपाय म्हणजे सकाळचं मळभ. एप्रिलमध्ये या किनाऱ्यावर बऱ्याचदा सकाळी समुद्रावरून खालचे ढग येऊन बसतात, तिथले लोक त्याला मरीन लेयर म्हणतात, आणि साधारण दुपारपर्यंत ते विरतात. सगळे कंटाळतात की ऊन कधी येणार, आपण खूष व्हायचं. तार चमकत नाही, हेल्मेटच्या आत अंधार होत नाही, स्लो शटर लावता येतं. त्यामुळे शनिवारी सकाळची इंडीकारची प्रॅक्टिस आणि रविवारी सकाळचं वॉर्मअप यासाठी गेट उघडायच्या वेळेला हजर राहा, झोप सोमवारी काढा. लॉस एंजेलिसहून येणार असाल तर मेट्रोची ए लाईन थेट डाउनटाउनला सोडते, पार्किंगच्या भानगडीत पडूच नका.

आता शटर स्पीड. थोडं गणित केलं की डोक्यात बसतं. शोरलाईन ड्राईव्हच्या लांब सरळ पट्ट्यावर गाडी ताशी २८० किलोमीटर धरली तर सेकंदाला जवळजवळ ७८ मीटर जाते, म्हणजे १/१००० सेकंदातसुद्धा सात-आठ सेंटीमीटर सरकते. म्हणून कॅमेरा स्थिर धरून तिथं काहीच मिळत नाही, गाडीबरोबर फिरावंच लागतं. आणि शेवटचं अकरावं वळण, हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण, तिथं त्याच गाड्या पहिल्या गियरमध्ये रांगत येतात, ट्रॅकवरची सगळ्यात हळू जागा. सगळे नवीन लोक तिकडेच धावतात कारण तिथं गाडी फ्रेममध्ये मावते, आणि मग १/१००० ला फोटो काढतात आणि घरी जाऊन बघतात तर गाडी पार्क केल्यासारखी दिसते. माझी साधी परीक्षा आहे, टायरच्या कडेवरची अक्षरं वाचता आली तर शटर जास्त फास्ट होतं. हेअरपिनला १/६० ते १/१००, इतर वळणांवर १/१२५ ते १/२००, सरळ पट्ट्यावर १/२५० पासून सुरुवात करून खाली या. तोंडावरून येणारी गाडी असेल तर १/८०० वगैरे चालतं कारण चाकं तशीही दिसत नाहीत.

पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, हाताने नाही, कमरेने करायचं. पाय जिथं फोटो काढायचाय त्या दिशेला रोवा, कंबर वळवून येणाऱ्या गाडीकडे जा, लांबूनच तिला व्ह्यूफाइंडरमध्ये पकडा, सोबत फिरत या, पाय सरळ होतात तिथं हलकेच दाबा आणि दाबल्यावर थांबू नका, फिरत राहा, थांबलात की गेलं. लेन्सवर स्टॅबिलायझरचा पॅनिंगवाला मोड असेल तर तो लावा, नसेल तर स्टॅबिलायझर बंद करून बघा. लांब बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) मारू नका, जुन्या बॉडीचा बफर पटकन भरतो आणि कॅमेरा विचार करत बसतो तेवढ्यात ओव्हरटेक होऊन जातो, तीन-चार फ्रेम आणि थांबा. १/६० ला माझे आजही शंभरात पाच-सहा धड येतात, तुमचे दोन आले तर पार्टी करा.

आणि इथं जाळीचा एक गंमतीचा भाग आहे. पॅनिंग करताना कॅमेरा फिरतो, म्हणजे जाळीसुद्धा फ्रेमभर पुसली जाते, उभी-आडवी तार उरतच नाही, नुसता एक पातळ पडदा होतो. म्हणजे स्लो पॅन हा जाळीवरचा सगळ्यात स्वस्त उतारा आहे. पण, आणि हा मोठा पण आहे, भर उन्हात आयएसओ १०० वर १/६० लावलं की कॅमेरा ॲपर्चर एफ २० ला नेऊन ठेवतो, सेन्सरवरची सगळी धूळ ठिपके बनून दिसते, फोटो मऊ पडतो आणि तारेचं भूत परत जाड होतं. म्हणून लेन्सच्या भाड्याचे पैसे वाचले ना, त्यात एक एनडी ८ फिल्टर विकत घ्या, तीन स्टॉप उजेड कापतो, तेच एक्स्पोजर एफ ७.१ ला येतं. पोलरायझर असेल तर तोही दीडेक स्टॉप खातो आणि वर इंडीकारच्या एरोस्क्रीनवरचं प्रतिबिंब कमी करतो. २०२० पासून कॉकपिटपुढे ती पारदर्शक ढाल आलीय, ड्रायव्हरसाठी उत्तमच, पण आपल्याला हेल्मेटऐवजी आकाशाचा तुकडा दिसतो बऱ्याचदा. पोलरायझर फिरवून बघा, एका कोनाला चेहरा उघडतो.

ऑटोफोकस तारेला जाऊन चिकटतो ही तक्रार कायमची आहे. सर्वो किंवा एएफ-सी (सतत फोकस बदलत राहणारा मोड), एकच पॉइंट किंवा छोटा झोन, आणि मेनूमध्ये ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा म्हणजे मध्ये खांब आला तरी कॅमेरा गाडी सोडत नाही. फोकस शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या, अंगठ्याखालच्या बटणाला द्या. तरीही ऐकत नसेल तर सरळ मॅन्युअल, कर्बच्या (वळणाच्या कडेच्या उंचवट्याच्या) रंगाच्या पट्ट्यावर फोकस करून ठेवा, शहरातल्या ट्रॅकवर भिंती इतक्या जवळ असतात की गाड्या दर लॅपला जवळपास त्याच ओळीतून जातात. १.९६८ मैलांचा ट्रॅक, लॅप सत्तर सेकंदांच्या आत-बाहेर, म्हणजे चूक झाली तर मिनिटभरात तीच गाडी तिथंच परत येणार आहे. लांबलचक लॅपच्या ट्रॅकपेक्षा हा मोठा फायदा आहे, वापरा.

जागांबद्दल. फाउंटनचा भाग, दोन ते चार नंबरची वळणं, फोटोंमध्ये सगळ्यात जास्त दिसतो, गोल कारंजं, फुलांचे ताटवे, मत्स्यालयाकडचा रस्ता. काढा, सगळ्यांनी काढलाय तरी काढा, पण सकाळी, नंतर माणसांच्या पाठीच दिसतात. मला स्वतःला जास्त आवडतं ते शहर फ्रेममध्ये घेणं. ताडाची झाडं, हॉटेलांच्या गॅलऱ्यांत उभी माणसं, लाँग बीच अरेना या सभागृहाच्या गोल भिंतीवर १९९२ मध्ये रंगवलेले देवमासे, पलीकडे बंदरात १९६७ पासून बांधून ठेवलेली क्वीन मेरी ही जुनी मोठी बोट. १८-५५ इथं बाहेर काढा. वाइड लेन्सने जाळी जाणारच नाही, मग तिला लपवू नका, तिच्यावरच फोकस करा, तिच्यात बोटं अडकवून बघणारी पोरं घ्या, मागे गाडीचा रंगीत पट्टा जाऊ द्या. लहान मुलं जवळून घेताना आईबापाला खुणेने विचारा, बहुतेक हसून हो म्हणतात. ट्रॅकवरचे तात्पुरते पादचारी पूल बघून मन चळेल, पण तिथं थांबू देत नाहीत, चालत राहा म्हणतात.

शनिवारी इम्साची (स्पोर्ट्स गाड्यांची मालिका) १०० मिनिटांची रेस असते, ती सोडू नका. बंद छपराच्या मोठ्या गाड्या, रंग भरपूर, वेगवेगळ्या क्लासच्या एकत्र धावतात त्यामुळे ओव्हरटेक सारखे होतात, आणि पॅनिंग शिकायला इंडीकारपेक्षा सोप्या. स्टेडियम सुपर ट्रक्स कार्यक्रमात असतील तर तेही, रॅम्पवरून उड्या मारतात, आख्ख्या दिवसात भिंतीच्या वर येणारं तेवढंच एक वाहन, रॅम्पच्या पुढे जागा धरा आणि १/५०० ठेवा.

रविवारची मुख्य रेस. इथं माझा सल्ला लोकांना पटत नाही तरी देतो, रेसमध्ये जागा बदलत फिरू नका. फोटो शनिवारी आणि सकाळी काढून घ्या, रेसला एक जागा धरा आणि शक्यतो जिथं मोठी स्क्रीन दिसते ती धरा, कारण कोण कुठं आहे हे कळलं नाही तर नुसत्या गाड्या जातायत. आणि पुढच्या तिघांच्याच मागे लागू नका. याच शहरात १९८३ च्या फॉर्म्युला वन रेसमध्ये जॉन वॉटसन नावाचा ड्रायव्हर ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगांत) २२ वा होता आणि जिंकला. त्या दिवशी पहिल्या रांगेवरच डोळे लावून बसलेल्यांकडे त्याचे किती फोटो असतील, विचार करा. फॉर्म्युला वन इथं १९७६ ते १९८३ होती, त्याआधी १९७५ ला फॉर्म्युला ५००० ने सुरुवात झाली, ख्रिस पुक नावाच्या ट्रॅव्हल एजंटाच्या डोक्यातली कल्पना, मोनॅकोसारखं काहीतरी आपल्याकडे करू. १९८४ पासून इंडी गाड्या, पहिली मारिओ आंद्रेत्तीने मारली. हे सगळं माहीत असलं की शोरलाईन ड्राईव्हवर उभं राहायला वेगळं वाटतं, फोटोत दिसत नाही ते सोडा.

जाळीला मी एवढ्या शिव्या घातल्या, पण एक सांगायलाच हवं. १९७६ ची इथली पहिली फॉर्म्युला वन रेस क्ले रेगाझोनीने जिंकली होती. १९८० ला त्याच शोरलाईन ड्राईव्हच्या टोकाला त्याच्या गाडीचे ब्रेक गेले, बाजूला उभ्या असलेल्या एका बंद पडलेल्या गाडीला धडकून तो बॅरियरवर गेला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला. सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक लागतात ती जागा फोटोला फार छान आहे, मीही तिथं उभा राहतो, पण भिंतीवर वाकून किंवा ठोकळ्यांच्या फटीतून लेन्स घालून नाही, आणि कॅमेऱ्यातून बघता बघता आजूबाजूचे लोक मागे सरकायला लागले तर आधी मागे सरकतो, मग बघतो काय झालं ते.

बारीकसारीक. कानात बोळे हवेतच, काँक्रीटच्या भिंतींमध्ये आवाज घुमतो, संध्याकाळी डोकं उठतं. दोन बॅटऱ्या, दोन कार्डं. बॅगच्या साइजचे नियम आदल्या रात्री बघा, गेटवर वाद घालायला लागू नये. समुद्राचं वारं खारट असतं, लेन्सवर दुपारपर्यंत चिकट थर बसतो आणि तुम्हाला वाटतं फोटो धुरकट का येतायत, मऊ कापड ठेवा आणि आधी फुंकणीने वाळू उडवा मग पुसा, उलटं केलंत तर काचेवर ओरखडे. दुपारी तापलेल्या रस्त्यावरून वाफा निघतात, लांबच्या गाड्या पाण्यात बघितल्यासारख्या हलतात, तो फोकसचा दोष नाही, जवळच्या गाड्या टिपा. रॉ मध्ये काढा, कारण जाळीने मारलेला काँट्रास्ट परत ओढायला जेपेगमध्ये जागा उरत नाही, घरी ब्लॅक्स खाली, डीहेझ थोडं वर, संपलं.

हो, आणि मोनोपॉड नेऊ का असंही मध्येच विचारलं होतं. या लेन्सला गरज नाही. मी नेला होता एका वर्षी, दुपारपर्यंत त्याचा उपयोग एवढाच झाला की एक आजोबा त्याला धरून स्टँडच्या पायऱ्या चढले.